घारकड्यावरची साखळी

१

गुरुवारी सकाळी घारकड्याच्या पायथ्याशी पोचल्यावर रत्नाबाईंनी आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई! परत?"

कड्यावर साखळी नव्हती.

चार दिवसांपूर्वी, रविवारी, बारा माणसांनी घाम गाळून ती बसवली होती. त्याच्या आधीच्या रविवारीही बसवली होती, आणि बुधवारी ती गायब झाली होती. म्हणजे हे दुसऱ्यांदा. आणि गायब म्हणजे तरी काय? पायथ्याच्या करवंदीच्या जाळीत ती अख्खी साखळी होती. व्यवस्थित वेटोळं घातलेली, वर गोणपाट पांघरलेली, जणू कुणी लेकराला झोपवून गेलंय. शेजारी प्लास्टिकची डबी. डबीत बोल्ट आणि नट, तेलाचा हात फिरवलेला.

"मावशी, हा कसला चोर?" सम्राट म्हणाला. "चोरत तर नाहीच, वर तेल लावून ठेवतो!"

सम्राटचं नसरापूरला फॅब्रिकेशनचं दुकान. ही साखळी त्यानं पदरच्या लोखंडातून बनवून दिलेली, त्यामुळे त्याचा जीव जास्त जळत होता.

आता रत्नाबाईंना या सगळ्यात कुणी बोलावलं होतं म्हणाल, तर कुणीच नाही. पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून त्या निवृत्त झाल्या, वेल्ह्यात घरी बसल्या, आणि गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, चाला. बाई चालायला लागल्या त्या थेट घारगडाच्या वाटेवर काम करणाऱ्या मंडळींत जाऊन पोचल्या. दर रविवारी ही मंडळी पहार, घण, घमेली घेऊन यायची आणि मोडलेली वाट नीट करायची. त्या वाटेचा जीवघेणा तुकडा म्हणजे हा घारकडा. पन्नास फुटांचा उभा कातळ, डाव्या हाताला दरी. मागच्या दोन पावसाळ्यांत तिथून तिघं घसरले होते. म्हणून साखळी.

रत्नाबाईंचा स्वभाव चौकस. चौकस हा आमचा शब्द, गावचे लोक 'नाक खुपसणारी' म्हणतात. पन्नास माणसांच्या गाडीत तिकीट न काढलेला एक जण त्या नुसत्या मानेवरून ओळखायच्या. असली बाई गोणपाट पांघरलेली साखळी बघून स्वस्थ बसेल होय?

"वरचाच बोल्ट काढलाय," त्या म्हणाल्या. "मधल्या दोन लोखंडी कड्यांना हात लावलेला नाही."

बरोबर होतं. साखळीचं वरचं टोक कड्याच्या माथ्यावरच्या हत्तीधोंड्याला बांधलेलं. टेम्पोएवढा धोंडा, आणि त्यात फार जुनी लोखंडी कडी. तिथून साखळी खालच्या दोन नव्या कड्यांतून ओवून सोडलेली. वरचा बोल्ट काढला की ती आपल्या वजनानं सरसरत खाली येणार.

"रविवारी चाळीस मुली यायच्यात कॉलेजच्या," सम्राट दात खात म्हणाला. "शनिवारीच जनरेटर चढवतो आणि नटाला वेल्डिंगच मारतो. मग काढ म्हणावं."

तो तसाच रागारागानं कातळावरून माकडासारखा वर गेला. मग वरून त्याची हाक आली, आणि त्या हाकेत राग नव्हता, नवल होतं.

"मावशी! वर या जरा. हितं बांगड्या फुटल्यात!"

२

रत्नाबाई धनगरांच्या लांबच्या वाटेनं, गुडघ्यांना शिव्या देत वर चढल्या.

हत्तीधोंडा कड्याच्या माथ्यावर, अगदी काठाशी. कडी दरीच्या बाजूला. पण बांगड्यांचे तुकडे होते धोंड्याच्या मागच्या अंगाला, जिथे तो मागच्या कातळाला टेकतो त्या फटीपाशी. हिरवे तुकडे. एके ठिकाणी दोन, हातभर अंतरावर आणखी दोन, आणि पलीकडे आणखी दोन.

"कडी त्या बाजूला, आणि बांगड्या या बाजूला," रत्नाबाई पुटपुटल्या.

त्यांनी वाकून एक तुकडा उचलला. जाड काच, वर सोनेरी टिकल्यांची पुसट नक्षी. एका टोकाला पांढरं काहीतरी वाळून बसलेलं. आणि त्या पांढऱ्याभोवती मुंग्या. लाल मुंग्यांची रांगच लागली होती.

"हितं कुणी जेवायला बसतं का रे?"

"या काठावर? मरायला?" सम्राट म्हणाला.

मग मुंग्या कशाला आल्या? रत्नाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, नखानं पांढऱ्याचा कण काढला आणि जिभेवर ठेवला. सम्राट "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी थुंकूनही टाकला.

"चुना आहे. आणि गोड आहे."

"मावशी, करणीबिरणी असली म्हणजे?"

"गप रे. करणी करणारा बोल्टाला तेल लावत नाही."

सहाही तुकडे त्यांनी रुमालात बांधले. माथ्यावर मोबाईलला एक रेघ रेंज येते, तेवढ्यात सम्राटनं मानसिंगसरांना फोन लावला. मानसिंगसर म्हणजे या मंडळींचे म्होरके. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, भोरला राहणार, जुन्या वस्तूवर जीव ओवाळून टाकणारा माणूस. ही जुनी कडी त्यांनीच शोधली होती. धोंडा पिंपरणीच्या झाडाच्या मुळांनी वेढलेला, मातीनं निम्मा गाडलेला. सरांनी साखळीच्या आधीच्या एका रविवारी सगळी मुळं तोडायला लावली, माती उपसली, कडी उजेडात आणली, आणि म्हणाले, साखळी बांधायची ती हिलाच. रत्नाबाईंनी स्वतः त्या मातीची तीस-पस्तीस घमेली वाहिली होती.

बांगड्या म्हटल्याबरोबर फोनवर सरांचा आवाज चढला. "हिरव्या? म्हणजे सवाष्ण बाई. गोरखची बायको! दुसरं कोण? साखळी लागली तर गोरखच्या दोराला कोण विचारतो?"

गोरख हा पायथ्याच्या बोरघळचा वाटाड्या. कड्यावर स्वतःचा दोर लावून तो लोकांना वर घ्यायचा, त्यावर त्याचं घर चालायचं. संशय त्याच्यावर पहिल्या दिवसापासूनच होता.

"शनिवारी दहाला समाजमंदिरात बैठक लावतो," सर म्हणाले. "गोरखचं वाटाड्याचं ओळखपत्र गावानं काढून घ्यायचं. असल्या माणसाच्या हातात लोकांचा जीव द्यायचा नाही."

फोन बंद झाला. सम्राट हळूच म्हणाला, "मावशी, पत्र गेलं तर गोरखला या अख्ख्या तालुक्यात कुणी वाटेवर उभं करणार नाही. पोरगी दहावीला आहे त्याची."

गुरुवारची दुपार. शनिवार दहा वाजेपर्यंत किती वेळ उरला, ते रत्नाबाईंनी मनात मोजलं.

३

गोरख अंगणात दोर उन्हात पसरत बसला होता. चाळिशीचा, काटक, बोलायला कंजूष.

"हे बघ बाबा, सरळ विचारते," रत्नाबाई खाटेवर टेकत म्हणाल्या. "साखळी तू काढलीस?"

गोरखनं दोराची गाठ सोडवली, परत बांधली.

"तुमी म्हनाल तसं, ताई."

"मी म्हणेन तसं काय? हो की नाही?"

"लोकं म्हनत्यात ना, मी काढली. मंग काढली."

रत्नाबाईंनी आयुष्यात हजारो फुकटे पाहिले होते. खोटं बोलणारा माणूस आधी तावातावानं नाही म्हणतो. हा तर हो म्हणायला बघतोय! आणि बोलताना त्याची नजर सारखी कुंपणापलीकडे वर जात होती, पठाराकडे.

"तिकडं काय आहे?"

"काय न्हाई." गोरख झटकन उठला. "शेरडं हायती काकीची. बनाकाकी ऱ्हाती वर. चुलती माझी."

बनाबाई रत्नाबाईंना ठाऊक होत्या. सत्तरीच्या म्हातारीबाई, पठारावर एकट्याच झोपडीत राहायच्या, रविवारी घारकड्याच्या माथ्यावर ताकाची कळशी घेऊन बसायच्या. पुतण्यासाठी चुलती काहीही करेल, हे रत्नाबाईंच्या डोक्यात आलं, नाही असं नाही. पण बनाबाईंच्या ताकाचा पेला हातात घेताना त्यांची मनगटं कितीदा तरी दिसली होती. बारा वर्षांपूर्वी नवरा वारलेला. मोकळे हात. हिरवी काच तिथे कुठून येणार?

आतून गोरखची बायको माधुरी आली, ती भांडणाच्याच तयारीनं. सरांनी बैठकीसाठी गावात केलेले फोन तिच्या कानावर आले होते.

"माझं नाव घेत्यात व्हय मानसिंगसर? ह्या बघा. मोजा!" तिनं दोन्ही हात रत्नाबाईंच्या नाकासमोर धरले. "संक्रांतीला भरल्या, डझनाच्या डझन हायत. एक जरी कमी निघाली तर नाव बदला."

रत्नाबाईंनी खरंच मोजल्या. बारा भरल्या. मग त्यांनी रुमाल सोडला आणि एक तुकडा माधुरीच्या बांगडीशेजारी धरला. माधुरीची काच सुतासारखी बारीक. रुमालातली दुप्पट जाड.

"ही असली मिळते का गं कुठं आता?"

माधुरीनं तुकडा फिरवून पाहिला, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "टिकल्यांची हाय की! माझ्या आईच्या हातात व्हती लग्नातली. नसरापूरच्या बाजारात आता कुटं मिळती ही? आमी लहान असताना बंद झाली."

रत्नाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या स्वतःच्या लग्नातही असल्याच बांगड्या भरल्या होत्या. म्हणजे या बांगड्यांची मालकीण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लग्न झालेली.

त्यांनी मान वर केली तर गोरख दारात उभा होता. तुकड्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," तो म्हणाला, "तुमी आता हे शोधू नगा. मी शनवारी वळखपत्र देऊन टाकतो. इषय संपला."

४

विषय संपला म्हणे! शुक्रवारी सकाळी रत्नाबाईंचा चहा दोनदा गार झाला. स्वयंपाकघरात पोळपाटावर तुकडे मांडून त्या बसल्या होत्या.

बाईच्या हातातली बांगडी दगडावर आपटून फुटली तर काय होतं? तुकडे उडतात, चार इकडे, चार तिकडे, आणि बाकीची बांगडी हातात राहते. इथे काय होतं? तीन जागा आणि प्रत्येक जागी बरोबर दोन तुकडे. त्यांनी पहिली जोडी जुळवली. तंतोतंत जुळली. दुसरी जुळवली, तीही जुळली. बोटाएवढा एकेक तुकडा, मधोमध मोडलेला. आणि चुना कुठे? दोन्ही बाहेरच्या टोकांना. मोडलेल्या जागी चुन्याचा ठिपकासुद्धा नाही.

म्हणजे बांगडी फुटलीच नव्हती. ती आधीच तोडून, तिचा तुकडा फटीवर आडवा ठेवून, दोन्ही टोकं चुन्यानं चिकटवली होती. एक टोक कातळाला, एक टोक धोंड्याला. आणि मग तो तुकडा मधोमध मोडला.

कुणी मोडला?

रत्नाबाईंनी पोळपाटावर एक जोडी जुळवून ठेवली आणि दोन बोटांनी हळूच दोन्हीकडे ओढली. मध्ये सुताएवढी फट पडली. त्या तशाच बघत राहिल्या.

त्यांनी मानसिंगसरांना फोन लावला.

"सर, एक आठवून सांगा. त्या धोंड्याबद्दल तुम्हाला कुणी काही बोललं होतं का?"

"धोंड्याबद्दल? छे." मग सर हसले. "हां, त्या ताकवाल्या आजी! पहिल्यांदा साखळी बांधायच्या सकाळी मला म्हणतात, 'सायेब, त्यो धोंडा चालतोय, त्याला काय बांदू नका.' मी म्हटलं, आजी, साडेतीनशे वर्षं तो हलला नाही, आता कुठं चालत जाणार? मोठी गोड बाई. मी त्यांच्याबरोबर फोटोसुद्धा काढला."

"आणि मग?"

"मग काय? साखळी बांधली."

रत्नाबाईंनी फोन ठेवला तो धाडकन. सरांची त्यांना इतकी चीड आली होती की तोंडातून काही भलतंच निघालं असतं. पण चीड जिरायच्या आत दुसरा विचार आला. घमेली कुणी वाहिली होती? मुळं तुटताना टाळ्या कुणी वाजवल्या होत्या? आपणच की.

त्यांनी पायात बूट चढवले. दुपारी दोनच्या सुमाराला, घारकडा टाळून धनगरांच्या लांबच्या वाटेनं, त्या पठारावर पोचल्या.

बनाबाई झोपडीपुढे बसून कसल्याशा दगडी वाटीत पांढरं घोटत होत्या. शेजारी गुळाचा खडा होता.

"या," त्या रत्नाबाईंकडे न बघता म्हणाल्या. "किती येळ लावला!"

५

"गूळ कशाला घालता?" रत्नाबाईंचा पहिला प्रश्न हाच. इतकं चढून आल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही.

"गुळानं चुना दगूड व्हतो. मालक घालायचे." बनाबाईंनी वाटी खाली ठेवली. "मालक गवंडी व्हते माझे. भाटघरकडं, भोरात, कुटं कुटं जुन्या भिती दुरुस्त करायची कामं. म्या हाताखाली. भितीला भेग दिसली की मालक तिच्यावर काचंची पट्टी बशिवायचे आडवी. काच वाकत न्हाई, ताणत न्हाई. भेग केसाएवढी जरी चालली तरी तुटती. न्हाई तुटली तर निवांत झोपा."

"आणि हितं?"

"पैली दोन दिसांत तुटली. दुसरी चार दिसांत. काल सकाळी बघितली तर तिसरीबी." म्हातारीनं बोटं दाखवली. "आदी त्याला पिंपरणीनं धरलं व्हतं. तुमच्या मानसांनी मुळ्या काडल्या, माती काडली. आता त्यो नुसता टेकलाय. त्येला साकळी बांदून खालून मानसं लोंबकाळली तर?"

तर धोंडा त्यांच्याच डोक्यावर येणार. रविवारी चाळीस मुली. आणि सम्राट नटाला वेल्डिंग मारायला निघालेला.

"काचंची पट्टी कुठून आणणार हितं?" रत्नाबाईंनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांना माहीत होतं.

बनाबाई आत गेल्या आणि पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात कापडावर हिरव्या बांगड्या, जाड, टिकल्यांच्या.

"मालक गेले तवा बाया फोडाया आल्या. म्या म्हनलं, फोडू देनार न्हाई, काडून ठेवते. लई बोलल्या मला. चौदा व्हत्या." त्यांनी बोटानं मोजल्या. "आता अकरा. मालकांच्याच कामाला आल्या, म्हनून वाईट न्हाई वाटलं."

रत्नाबाईंना मात्र वाटलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि त्याबद्दल मुळीच लाजल्या नाहीत.

"पण बनाबाई, साखळी काढून ठेवायची आणि कुणाला बोलायचं नाही?"

"बोलले की! सायेबानं फोटू काडला माझा." म्हातारी तिरसटली. "पुन्यांदा बोलून काय, दुसरा फोटू? म्या मालकांचा पाना घेतला आन बोल्ट काडला. वरनं उतरले, साकळी गोळा करून ठिवली. लोकांची वस्तू, गंजाया नको म्हनून तेल लावलं. परत बांदली, परत काडली. मनात म्हनलं, कट्टाळून कुनी इचारायला तरी येईल."

"विचारायला आले, पण तुम्हाला नाही. गोरखला." रत्नाबाई म्हणाल्या. "उद्या दहा वाजता त्याचं ओळखपत्र काढून घेणार आहेत. साखळी त्यानं काढली म्हणून."

बनाबाईंचे हात थांबले. पठारावर मोबाईल नाही, रविवारशिवाय खालचं माणूस दिसत नाही. त्यांच्या कानावर यातलं काहीच आलेलं नव्हतं.

"आन त्यो काय म्हनला?"

"तो म्हणतो, मीच काढली."

म्हातारीनं चुन्याची वाटी उचलली, बांगड्यांचा डबा काखेत मारला आणि शेरडांना हाक घातली. "चला," त्या म्हणाल्या. "आत्ता. उद्या कशाला?"

६

आत्ता जाऊन उपयोग नव्हता; सर भोरला, आणि नुसत्या बोलण्यावर ते एकदा हसलेच होते. अंधार पडायच्या आत त्या दोघी घारकड्यावर गेल्या, आणि रत्नाबाईंच्या समोर बनाबाईंनी फटीवर चौथी काच बसवली. शनिवारी साडेनऊला सम्राट जनरेटर घेऊन समाजमंदिरापाशी आला, तेव्हा रत्नाबाईंनी त्याची वाट अडवली.

"जनरेटर खाली ठेव. पहारी घे, दोन. दोरही घे."

समाजमंदिरात मानसिंगसर, गावची पाच-सहा माणसं, आणि समोर गोरख. ओळखपत्र त्यानं आधीच गळ्यातून काढून सतरंजीवर ठेवलं होतं. रत्नाबाई आत आल्या, मागून बनाबाई. गोरखनं चुलतीला पाहिलं आणि घाईघाईनं उठला.

"काकी, तू जा घरी. मी सांगितलंय समदं."

"बस खाली!" बनाबाई गरजल्या.

"बोल्ट यांनी काढला," रत्नाबाई म्हणाल्या. "का काढला ते इथं नाही सांगणार. सगळ्यांनी वर चला. सर, तुम्ही पुढं व्हा."

लांबच्या वाटेनं सर्वांना चढायला तासभर लागला. धोंड्यामागे रत्नाबाईंनी सगळ्यांना फटीपाशी नेलं. काल संध्याकाळी बसवलेली काच मधोमध तुटली होती.

रत्नाबाईंनी रुमालातल्या जोड्या दाखवल्या, चुना दाखवला, सगळं उलगडून सांगितलं. मानसिंगसर हातातला तुकडा उलटापालटा करत राहिले.

"पण साडेतीनशे वर्षं..." ते म्हणाले.

"साडेतीनशे वर्षं त्याला पिंपरणीनं धरलं होतं, सर. आपण ती तोडली. घमेली मीच वाहिली, मला माहीत आहे."

सम्राटनं पहार फटीत घातली आणि नुसता भार दिला. दगडाच्या पोटातून दळण दळल्यासारखा आवाज आला आणि टेम्पोएवढा हत्तीधोंडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चार बोटं पुढे कलला. सम्राटनं पहार सोडली आणि मागे उडी मारली.

मानसिंगसरांनी खिशातून मोबाईल काढला. कॉलेजच्या बाईंना त्यांनी सांगितलं, उद्या मुली आणू नका, पुढचे दोन रविवार आणू नका, चूक माझी आहे. मग ते बनाबाईंकडे वळले.

"आजी, तुम्ही मला सांगितलं होतंत."

"सांगितलं व्हतं," बनाबाई म्हणाल्या.

खालची वाट दोन्हीकडून अडवली. सम्राट, गोरख आणि गावची दोघं कमरेला दोर बांधून पहारी घेऊन उभे राहिले. सरांनी कडीवरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाले. धोंडा गेला. कातळावर दोनदा आपटला, साखळीसाठी बसवलेल्या खालच्या दोन्ही कड्या घेऊन दरीत गेला, आणि खालून कितीतरी वेळ झाडं मोडल्याचे आवाज येत राहिले.

धूळ बसली तेव्हा गोरख खालीच बसला होता, पहारीला टेकून.

"मला वाटलं," तो म्हणाला, "काकी माझ्यासाठी करती. माझा दोर बंद पडू नये म्हनून. पैल्या बुधवारी मी हिला बघितलं साकळी गोळा करताना. म्हनलं, या वयात ही बाई माझ्यापायी चोरी करती, आन मी तिचं नाव घेऊ? म्हनून गप बसलो."

बनाबाई त्याच्याकडे वळल्या.

"येवढ्या वर्सांत तुला म्या अशी वाटले?" त्या म्हणाल्या. "तुज्या चार पैशांसाठी लोकांची वाट मोडनारी?"

"काकी..."

"आन तसं वाटून बी तू पत्र द्यायला निगालास? पोरीचा इचार न करता? येडा हायेस का रं?" असं म्हणत त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, दुसरा घातला, आणि तिसऱ्या वेळी हात तिथेच त्याच्या पाठीवर राहिला.

सम्राट तिकडे नव्या कड्यांसाठी जागा शोधायला लागला होता. त्यानं कातळावर घण ठोकला आणि बनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यानं हातभर पलीकडे ठोकलं. त्यांनी कान दिला, परत मान हलवली.

मानसिंगसर गोरखपाशी आले. इतका वेळ ते ओळखपत्र त्यांच्याच खिशात होतं, समाजमंदिरातल्या सतरंजीवरून त्यांनी उचललेलं. त्यांनी ते काढलं, सदऱ्याला पुसलं.

"गोरख, मी चोर म्हटलं तुला," ते म्हणाले. "चारचौघांत म्हटलं. आता चारचौघांतच सांगतो, मला माफ कर."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते त्याच्या गळ्यात घातलं. त्यासाठी गोरखनं मान खाली केली, आणि नंतर बराच वेळ ती वर केलीच नाही.